गुरुवारचा फोन

ताई, तुम्ही गेलात मंगळवारी सकाळी. गुरुवारी दुपारी चारला सागरचा फोन येणार होता, आणि तो तुम्हाला येणार होता.

मधल्या दोन दिवसांत मला दुसऱ्या कशाचीच भीती वाटली नाही. मृत्यूचा दाखला, वैकुंठ स्मशानभूमी, नातेवाइकांना कळवणं, तुमच्या बहिणीजवळ, विमलमावशींजवळ बसणं, हे सगळं हातापायांनी आपापलं केलं. गुरुवारी मात्र साडेतीनलाच मी ऑफिसात येऊन बसले. तुमचा मोबाईल समोर टेबलावर होता. विमलमावशींनी तो माझ्या हातात देऊन टाकला होता. तुमच्या पक्षकारांचे फोन येतील, त्यांना आपण काय सांगायचं, असं त्या म्हणाल्या. चार वाजून सहा मिनिटांनी तो वाजला, आणि सागर नेहमीसारखा म्हणाला, "मॅडम, आज वारा नाहीये. आवाज नीट येतोय का?"

मी म्हटलं, "सागर, मी मेधा बोलतेय. ताईंचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

तो म्हणाला, "गरम पाणी प्यायला सांगा त्यांना."

अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काम केलं. पक्षकाराला खोटं सांगायची वेळ तुम्ही कधी येऊ दिली नव्हतीत. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते केलं.

सागरच्या आई, कुंदाकाकू, पहिल्यांदा आल्या तो दिवस मला स्वच्छ आठवतो. नारायण पेठेतला आपला तो जिना, खाली पुस्तकं बांधणाऱ्यांचं दुकान, आणि पायरीशी तुमची पाटी: 'जहाजावरील नोकरी व परदेशप्रवेश यांसंबंधी कायदेशीर काम. पासपोर्ट काढून मिळणार नाहीत. चौकशीही करू नये.' तरी लोक पासपोर्टसाठीच यायचे. पुण्यात समुद्र नसताना जहाजांचा वकील कशाला, असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "मुठेला पाणी सोडतात तेव्हा या." कुंदाकाकू मात्र पाटी न वाचता वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. नवरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता, भंडाऱ्याहून बदलून आलेला. तो गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. आता खडकी बाजारात दोन खोल्या, आणि एकुलता एक मुलगा जहाजावर सेकंड ऑफिसर.

ते जहाज पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. थकलेल्या देण्यांपायी तिथल्या कोर्टाने ते अडकवलं होतं आणि मालकाने फोन उचलणं बंद केलं होतं. कॅप्टन आजारी पडून आधीच आपल्या देशी परतला होता. उरलेल्या सात जणांना किनाऱ्यावर राहायचा परवाना नव्हता. डिझेल संपत आलं होतं, पिण्याचं पाणी मोजून घ्यावं लागत होतं. कुंदाकाकूंना एकच गोष्ट कळत नव्हती. जमीन समोर दिसते म्हणतो पोरगा, मग उतरू का देत नाहीत?

तुम्ही चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलंत. "जमीन दिसणं आणि जमिनीवर उतरू देणं, या दोन्हींच्या मध्ये माझा सगळा धंदा आहे. बसा."

पुढचे चार महिने तुम्ही त्या जहाजाच्या मागे लागलात. तिथले वकील गाठलेत, आपल्या दूतावासाला रोज एक पत्र, दिल्लीला रोज एक फोन. शेवटी तिथल्या कोर्टाने सगळ्यांना सोडायची तयारी दाखवली, पण एक अट घातली. जहाज विकलं जाईपर्यंत एक अधिकारी त्यावर रखवालदार म्हणून राहील, आणि तो स्वतः तशी सही करून देईल. सागरने सही केली. सहा जण घरी आले. सागर त्या रिकाम्या जहाजावर राहिला, एकटा. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

सुटून आलेल्यांपैकी चीफ इंजिनिअर, रत्नागिरीचे, साठीला टेकलेले, मुद्दाम पुण्याला आले होते. तुमच्या पाया पडायला वाकले आणि काही बोलायला लागले, तर तुम्ही त्यांना मध्येच तोडलंत. "तुमची बस चुकेल," म्हणालात. तेव्हा मला तो तुमचा नेहमीचा खाक्या वाटला.

कुंदाकाकू त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येऊ लागल्या. खडकीहून बसने यायच्या, तुमच्यासमोर बसायच्या आणि तेच विचारायच्या: सातांमधून माझ्याच मुलाची सही का घेतलीत? तुम्ही म्हणायचात, कोर्टाला एक नाव हवं होतं. मग त्या बोलायच्या. आधी रडून बोलायच्या, नंतरनंतर रडणं थांबलं आणि नुसतं बोलणं राहिलं. बाई, तुम्हाला मूल नाही म्हणून तुम्हाला काही वाटलं नाही, असंही एकदा म्हणाल्या. मी शेजारच्या टेबलावर मान खाली घालून टाईप करत होते. तुम्ही त्यांना चहा दिलात, पुढची तारीख कागदावर लिहून दिलीत आणि बसची वेळ सांगितलीत. चौदा महिने हे चाललं, ताई.

आणि हळूहळू मलाही वाटायला लागलं की त्यांचं बरोबर आहे.

आपलं शेवटचं भांडण त्यावरूनच झालं. त्या गुरुवारी फोनवर सागरने तुम्हाला विचारलं होतं, आज गुरुवारच आहे ना. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं. गुरुवारी फोन करायचा म्हणून नाववाल्याला गाठून, किनाऱ्यावर जाऊन, फोन चार्ज करून फोन लावणारा मुलगा आज वार कोणता ते विचारतो. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शनिवारी दुपारी फायली लावताना मी तुम्हाला म्हटलं, "ताई, सहा माणसं सोडवायला तुम्ही एकाला गहाण ठेवलंत."

तुम्ही चष्मा काढून पदराने पुसलात. "फाईल वाच," म्हणालात.

मी म्हटलं, वाचलीये. त्यात दोन तारखांना दोनच शब्द आहेत, 'सल्ला दिला'. काय दिला ते नाही.

"मग तेवढंच आहे," म्हणालात, आणि थोड्या वेळाने, "कपाट लावून जा."

सोमवारी मी कोर्टाच्या तारखेला मुंबईत होते. मंगळवारी सकाळी विमलमावशींचा फोन आला.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी कुंदाकाकू घरी भेटायला आल्या. विमलमावशींनी त्यांना पाणी दिलं. काकूंनी भांडं हातात धरून ठेवलं, प्यायल्या नाहीत, आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई गेल्या, वाईट झालं. पण माझ्या पोराला ओलीस ठेवून गेल्या." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं, तुमची बाजू घ्यावी, असं त्या बघण्यात होतं. मी गप्प बसले. शोकामुळे गप्प बसले असं कुणालाही वाटलं असेल. खरं कारण तुम्हाला सांगायला हवं म्हणून हे लिहायला घेतलंय. मी गप्प बसले, कारण मला ते पटत होतं.

पुढच्या गुरुवारी मी सागरला पुन्हा घशाचंच सांगितलं. या वेळी "जास्त आहे का?" असं विचारलं त्याने. मी म्हटलं, उतार पडतोय.

शुक्रवारी तिथल्या वकिलांची मेल आली. तुमच्या निधनाचं मी त्यांना कळवलं होतं. त्यांनी दोन ओळींत दुःख व्यक्त केलं होतं आणि तिसऱ्या ओळीत माझ्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. सागरच्या वतीने काम चालवायचं अधिकारपत्र तुमच्या नावाचं होतं. तुमच्यानंतर ते संपलं. तुम्ही ज्यासाठी वर्षभर झगडत होतात तो अर्ज, सागरच्या जागी तिथलाच कुणी रखवालदार नेमावा हा, पुढच्या शुक्रवारी सुनावणीला होता. त्याआधी माझ्या नावाने नवं अधिकारपत्र हवं होतं, सागरच्या सहीचं. नाहीतर पुढची तारीख कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं.

म्हणजे त्याला सांगायलाच हवं होतं. तुम्ही त्याच्यासाठी काय होतात ते मला माहीत होतं. सबंध आठवड्यात एकदा त्याच्याशी कुणीतरी त्याच्या भाषेत बोलायचं, आणि ते तुम्ही होतात. आईशी तो जेमतेम दोन मिनिटं बोलायचा. सगळं ठीक आहे, जेवतोय, एवढंच. त्याला अंधार पडल्यावर जहाजाचे आवाज ऐकू येतात, हे तो तुम्हाला सांगायचा. तुम्ही त्याला कुठला आवाज कशाचा ते विचारत बसायचात, एकेक करून, परीक्षेला बसवल्यासारखं. हे ऐकलं तर तो काय करील? एकट्या माणसाभोवती चारी बाजूंनी पाणी, ताई. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी त्याला निरोप पाठवला, जमेल तेव्हा फोन कर, तातडीचं आहे. आणि वाट बघत बसले. शनिवारी फोन नाही. रविवारी मी तुमचा मोबाईल स्वयंपाकघरात घेऊन फिरत होते, आंघोळीला जाताना लेकीच्या हातात देऊन गेले. नवरा म्हणाला, पाठवून दे ना मेसेजमध्येच लिहून. विमलमावशींना विचारलं, ताईंनी काय केलं असतं? त्या म्हणाल्या, "मला विचारू नकोस. मी तिच्यासोबत साठ वर्षं काढली, पण ती काय करील ते मला कधी आधी कळलं नाही."

सोमवारी सकाळी साडेअकराला फोन आला. मी आधी त्याला विचारलं, तू कुठे आहेस, बसलायस का, शेजारी कुणी आहे का. तो किनाऱ्यावर होता, नाववाल्याच्या टपरीत. मी सांगितलं. घशाचं खोटं होतं तेही सांगितलं. पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत हसत होतं, भांडी वाजत होती.

मग तो म्हणाला, "म्हणजे आता आईला कोण सांगणार?"

मला वाटलं, तुमच्या जाण्याचं म्हणतोय. मी म्हटलं, त्यांना माहितीये.

"ते नाही," तो म्हणाला. आणि मग त्याने ते सांगितलं.

कोर्टाने अट घातली तेव्हा नाव चीफ इंजिनिअरांचं जाणार होतं, कारण कॅप्टननंतर तेच मोठे. त्यांना मधुमेह. इन्सुलिन संपलेलं, पायाची जखम भरत नव्हती. सागर म्हणाला, मी राहतो. तुम्ही त्याला फोनवर अर्धा तास सांगितलंत की सही करू नकोस. यातून बाहेर पडायची तारीख कुणालाच माहीत नसते, मलाही नाही, वर्ष लागेल, दोन लागतील, असं बजावलंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलंत. इंजिनिअरांसाठी वेगळा अर्ज करू, पंधरा दिवस दे, म्हणालात. तो म्हणाला, इंजिनिअर पंधरा दिवस काढणार नाहीत. आणि त्याने सही केली. मग तुमच्याकडे एक मागणं मागितलं: मी आपणहून राहिलो हे आईला कळू देऊ नका. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे बघून दिवस काढतेय. परक्या माणसासाठी मी तिला सोडलं हे तिला सहन होणार नाही. तिला दुसऱ्या कुणाचा तरी राग येऊ दे.

"मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, माझा येऊ दे," सागर म्हणाला. "मला वाटलं होतं दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. मग मॅडमच आईला समजावून सांगतील."

त्याला रडू येत होतं, आणि मी त्याला अधिकारपत्राचा नमुना वाचून दाखवत होते. कुठे सही, कुठे तारीख, कागदाचा फोटो कसा पाठवायचा. मी फक्त काम बोलले. हे मी तुमच्याकडूनच शिकलेय बहुतेक. फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, आईला अजूनही सांगू नका, मी आल्यावर बघेन.

तो महिन्याचा पहिला सोमवार होता. दुपारी तीनला कुंदाकाकू जिना चढून आल्या.

तुमच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसल्या. मी माझ्याच टेबलाशी होते, तुमच्या खुर्चीत बसायचं धाडस नव्हतं. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "सुटल्या बाई. मला कुणाला विचारायची सोय नाही ठेवली." सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी उठले, चहा केला, त्यांच्या हातात दिला, शुक्रवारची तारीख कागदावर लिहून दिली. त्या गेल्यावर दार लावून घेतलं. मी एक सोमवार सोसला होता. तुम्ही चौदा सोसलेत, आणि वर माझा एक शनिवार.

बुधवारी कागदाचा फोटो आला. शुक्रवारी सुनावणी एक आठवडा पुढे ढकलली गेली. त्या आठवड्याबद्दल मी लिहीत नाही. पुढच्या शुक्रवारी अर्ज मंजूर झाला, आणि मग कळलं की सागरचा पासपोर्ट मधल्या काळात संपलाय. दूतावासाने एकदाच प्रवास करता येईल असा दाखला दिला. वाटेत विमान बदलायचं होतं, तिथल्या अधिकाऱ्याने तसा कागद कधी पाहिलाच नव्हता. सागरला चार तास एका खोलीत बसवून ठेवलं. मी पुण्यातून त्या विमानतळाच्या ज्या ज्या नंबरांना फोन लावले, ते नंबर तुमच्या डायरीत होते, तुमच्या अक्षरात, आणि प्रत्येकापुढे तुम्ही लिहून ठेवलं होतंत, हा माणूस बरा, हा उद्धट पण काम करतो. उद्धट माणसानेच काम केलं.

मुंबईला त्याला घ्यायला कुंदाकाकू आणि मी गेलो. तो बाहेर आला तेव्हा त्यांना त्याला ओळखायला जरा वेळ लागला. मी मागे थांबले. परतीच्या वाटेवर गाडीत तो खिडकीबाहेर झाडं बघत होता आणि काकू त्याचा हात धरून बसल्या होत्या. तुमचं नाव कुणीच काढलं नाही.

ताई, मी तुमच्याशी अजून भांडणारच आहे. तुम्ही काकूंना सांगितलं नाहीत, ते मी समजू शकते, सागर तुमचा पक्षकार होता, त्याला शब्द दिला होता. पण मला सांगायला हवं होतंत. मी त्याच फाईलवर काम करत होते, ते गुपित माझ्याही वाट्याचं होतं. की तुम्हाला वाटलं, मला ते पेलणार नाही, मी एका सोमवारी काकूंना सांगून टाकीन? कदाचित टाकलंही असतं. आणि दुसरं, दोनदा सांगितलंत, मग तिसऱ्यांदा का नाही? मोठ्या माणसाला त्याचं ठरवू द्यावं, हे तुमचं मत मला माहितीये. ते मला अजून पुरतं पटलेलं नाही. पटेल असं उत्तर तुमच्याकडे असेलही, मी ते मागायला उशीर केला.

आता कपाट उघडते तेव्हा जीव घाबरतो. तिथे पाठीला दोरी बांधलेल्या फायली आहेत, तीस-बत्तीस वर्षांच्या. कितीतरी फायलींत शेवटी एखादं रागाचं पत्र आहे, तुम्ही आमचं वाटोळं केलंत, तुम्ही वेळेवर सांगितलं नाहीत. पूर्वी मी ती वाचून पुढे जायची. आता मला कळत नाही, त्यातलं कोणतं खरं आहे, आणि कुठे तुम्ही कुणासाठी तरी तोंड मिटून बसला होतात. चालू फायली मी एकेक करून पक्षकारांना बोलावून विचारतेय, ताईंनी तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं? लोक चमकून बघतात. खूप हळू चाललंय काम.

सागर आल्यावर दहाव्या की अकराव्या दिवशी कुंदाकाकू आल्या. सोमवार नव्हता. सागर बरोबर होता, पण त्याला त्यांनी खालीच थांबायला सांगितलं. म्हणजे त्याने त्यांना सगळं सांगितलं होतं.

त्या खुर्चीत बसल्या नाहीत. टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"मी बाईंना काय काय बोलले, ते तुम्ही ऐकलंय," म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

"मूल नाही म्हणाले होते."

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"एकदा तरी उलटून बोलायचं त्यांनी." मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली सागर पुस्तकबांधणीवाल्यांशी काहीतरी बोलत होता, त्याचा आवाज वर येत होता. त्या माझ्याकडे वळल्या. "खरं सांगा हं. मी गेल्यावर त्या रडायच्या का?"

मी म्हटलं, "नाही काकू. ताई रडणाऱ्यातल्या नव्हत्या."

त्यांनी मान हलवली. त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं. जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश उतरून गेल्या.

खरं तर मला माहीत नाही, ताई. काकू येऊन गेल्या की अशा सोमवारी मी साडेपाचला निघायची, तुम्ही मागे थांबायचात. मी कधी विचारलं नाही.